उंबऱ्याशी

पहाटे साडेपाचला, पत्रे तापायच्या आत,
मी फाटक उघडते आणि म्हणते, बठ.
बाजरी बसते.
अकरा वर्षं हा एकच शब्द
आम्हा दोघींत रोज नव्याने ठरतो.

अमळनेरच्या आमच्या गल्लीत हसतात.
हिम्मत आप्पा दातवणाची काडी चावत विचारतात,
"आते म्हतारी व्हयनी ती, काय शिकाडस तिले?"
मी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडते, नखाएवढा.
जास्त नाही. तिचंही पोट सुटलंय.

सातव्या वर्षी मीही म्हटलं होतं, येतं तिला सगळं.
जिनिंगचा हंगाम, मी हिशेबाच्या वह्यांत.
कार्तिक गेला, पौष गेला,
उंबऱ्याशी कुणी कुणाला थांबवलं नाही.
माघात एकदा फाटक उघडं राहिलं
आणि कापसाचा टेम्पो मागे येत होता.
मी ओरडले, बठ!
तिने मान वळवली. आठवू लागली,
ओळखीच्या माणसाचं नाव ओठांशी अडावं, तशी.
तेवढ्यात चाक.

मागचा डावा पाय तेव्हापासून तिरपा पडतो.
डॉक्टर निकुंभ प्लास्टर घालताना म्हणाले, नशीब.
नशीब कसलं. तीन महिने.

मग मी तिचीही वही घातली.
‘आज थांबली. मांजर दिसूनही थांबली.’
‘आज नाही. चूक माझी, भाकरी शिळी होती.’

यंदा चैत्रात तिचे कान गेले.
कुकरची शिट्टी, आप्पांचं खाकरणं, काही नाही.
बठ म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत उभी.
म्हणून आता हात.
तळवा खाली, म्हणजे बठ.
मूठ छातीशी, म्हणजे आठे ये.
पाच दिवस ती नुसती तळव्याचा वास घेत राहिली.
सहाव्या दिवशी ढुंगण हळूच टेकलं जमिनीला
आणि आनंदाने मीच ओरडले, बठ!
गल्लीने ऐकलं. तिने नाही.

आप्पाही हल्ली ओट्यावरून चोरून हात करतात,
पण तळवा वर.
ती आपली खायला मागायला जाते.

आज दुधाची बरणी घेऊन निघाले.
बोरीकडून वाळूचा ट्रॅक्टर धडधडत येतोय,
तिला त्याचा पत्ता नाही.
ती उंबऱ्याशी उभी. रस्त्याकडे बघतच नाही,
माझ्या हाताकडे बघते.
हातात बरणी.

मी बरणी खाली ठेवते.