कारण क्रमांक आठ

स्विंडनच्या या बिनखिडकीच्या खोलीत
आम्ही कुणाचंही बोलणं ऐकत नाही.
ऐकतो ते बोलण्याआधीचं:
आलो. आहे. टॉवर बदलला. अजून आहे.
लिफ्टा, पाण्याचे मीटर, दुधाच्या टाक्या,
लीड्समधली कुणी भाड्यानं नेलेली सायकल.
हजेरीपटावर चाळीस लाख नावं;
नावं कसली, पंधरा आकडी क्रमांक.

त्यातला एक, शेवटी सात शून्य चार,
लडलोजवळच्या टॉवरला
दर अकरा सेकंदांनी विचारतो: येऊ का?
नेटवर्क म्हणतं: नाही. कारण क्रमांक आठ.
शहाणं यंत्र एवढ्यावर गप्प बसतं.
हे पुन्हा दारात: येऊ का?
(आमच्याकडे निघतानाही असंच विचारतात.
इमोजेनला हे समजावणं जमलं नाही.)

ती शिफ्टची प्रमुख. म्हणाली, फर्मवेअर टाकाऊ आहे, ब्लॉक कर.
करते, म्हटलं,
आणि आधी महिन्याचा आलेख उघडला.
रात्रभर चिडीचूप.
तीन फेब्रुवारीला पहिली हाक आठ एक्केचाळीसला,
दहाला आठ अठ्ठावीस,
सतराला आठ चौदा.
अठराला दिवसभर काहीच नाही.
मागचं हवामान काढून पाहिलं: लडलोला धुकं.

मग फोन केला.
मिस्टर प्रोबर्ट खोकत खोकत हसले.
"मधमाश्यांच्या पेटीखालचा काटा होय?
माश्या गेल्या थंडीत गेल्या.
करार तर मी बंद केला की.
तो शेडमध्ये पडलाय, पूर्वेच्या खिडकीत,
रोपांच्या रिकाम्या ट्रेमागे.
उन्हावर चालतो. बंद करायचं बटणच नाही त्याला.
का, कुणाला त्रास होतोय का?"
नाही, म्हटलं. तसा नाही.

म्हणजे माश्या नाहीत, मध नाही, वजन शून्य,
आणि तरी काचेवर ऊन आलं की
हा उठून विचारतो.
नेटवर्कला त्याचा नकार द्यायला
फार तर एक ओळ लागते.

तिकिटावर लिहिलं: देखरेखीखाली.
खोटं नव्हतं ते.

आज आठला एक मिनिट कमी.
आठ.
आठ वाजून पाच.
सात शून्य चारची ओळ कोरी.

शिफ्ट संपली. इमोजेन कोट चढवत होती.
म्हटलं, छत्री घे,
पश्चिमेकडून भरून येतंय.