वार्षिक मेंटेनन्स

एप्रिलचा तिसरा आठवडा. रामदासपेठ, दुसरा माळा.
मी कूलरच्या पोटात अर्धा,
बोअरच्या पान्यानं दगड झालेल्या
खसताट्या उपसून रायलो होतो,
आन् आत मॅडम फोनवर
कोनाले तरी इंग्रजीत
कोनाचं तरी सांगत होत्या.

स्पॉइल्ट, म्हनल्या. मंग डिवा. मंग फसी.
मंग हसल्या आन् म्हनल्या, हाय मेंटेनन्स.

हे शेवटचं मले समजलं.
डोकं बाहेर काढून सांगनारच होतो,
मॅडम, वर्षाचा करार आहे ना आपला,
मोटर, पंप, ताट्या, समदं त्यात येते.
पन थे कूलरचं नव्हतं.

रात्री मानेवाड्याले आलो.
पोट्टी गच्चीवर पानी शिंपून बसली होती, मोबाइल घेऊन.
म्हनलं, प्रणोती, डिवा म्हनजे आपला दिवा काय?
तिले इतकं हसू आलं
का शेजारच्या गच्चीवरचे निनावे उठून बसले.
नाई बाबा. जिच्याभोवती
साऱ्या घरानं फिरावं लागते, थे.
आन् स्पॉइल्ट?
लाडानं बिघडलेली. दूध बिघडलं
तरी हाच शब्द.

मी आडवा पडून विचार करत रायलो.
आपल्याकडं दूध नासते,
पोर लाडावते,
आन् लई झालं तर शेफारते, डोक्यावर मिरे वाटते.
पन नासत नाई.
कालच्या लाडावल्या पोरीले
उद्या सासू भेटते, बॉस भेटते, मे महिना भेटते,
येते जाग्यावर.
आन् चोचले म्हनलं का मले चोच दिसते,
लाल, उघडी,
घरट्याच्या काठावर.
फसीत चोच कुठं आहे?

खरं सांगू, मी पाह्यलं होतं तिले.
मॅडमची नणंद. चंद्रपूरहून आलेली,
पन्नाशीची असन, पाय प्लास्टरात.
कूलर सुरू केला तशी म्हनली,
भाऊ, हवा पायावर नको, तोंडावर.
मंग म्हनली, अजून जरा वर.
मंग, आता आवाज कमी होईन काय?
चहा आला तर म्हनली, वरची साय काढा,
मले मळमळते.
बस, इतकंच.
मी झडप वळवली. बोटभर काम होतं.
तिनं डोळे मिटले
आन् असा श्वास सोडला
का मलेच गार वाटलं.

मंग मले आमचा टेबल पंखा ऐकू आला.
आतल्या खोलीतून, खरखर, खरखर.
बावीस वर्षं झाले लग्नाले.
धरमपेठ, सदर, सिव्हिल लाइन,
अर्ध्या शहराच्या मोटरी माह्या हाताखालून गेल्या,
या पंख्यात तेलाचा थेंब नाई गेला.
बेबीनंदा कधी बोललीच नाई.
जे बोलत नाई थे बरं चाललं आहे
असं मेकॅनिकनं समजू नये खरं तर.
आमच्या धंद्यात मुकी मोटरच जळते.

खाली गेलो. म्हनलं, तुले काही पाह्यजे काय?
कायचं?
काहीबी.
नाई.
सांग तर खरं, एखादी गोष्ट.
तिनं असं पाह्यलं
जसा मी पिऊन आलो.
मंग किती वेळ भिताडाकडं पाहत बसली,
जसं कोनी तिले
न शिकवलेल्या धड्यावरचा प्रश्न विचारला.
शेवटी म्हनली, चहा. तुम्ही करसान तर.
जिन्यातून उतरता उतरता पोट्टी ओरडली,
ओहो, प्रिन्सेस!

मी चहा गाळला. चमच्यानं साय काढली.
बशी पुसली, पाहुन्यायची, निळ्या काठाची.
झोपलेला पंखा उघडून दोन थेंब तेल सोडलं,
तोंड वळवलं तिच्याकडं.
ती घोट घोट प्याली. काही म्हनली नाई.
अर्धा कप झाल्यावर थांबली,
कपात पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं,
आन् हळूच,
जसं पह्यल्यांदाच परक्या भाषेत बोलून रायली,
म्हनली,
साखर कमी आहे.