बाह्यरुग्ण

मेच्या रात्री कूलरची टाकी मीच भरतो,
चार बादल्या, वर वाळ्याच्या जाळीवर एक तांब्या.
पंप सुरू होतो, पाणी झिरपू लागतं,
आणि त्या आवाजानं उठावं लागतं मलाच.
साडेबारा. दोन. तीनला दहा कमी. पाच.
वत्सला आता कूस बदलत नाही,
डोळे मिटूनच विचारते, "झाली?"
मी मोरीतून म्हणतो, "होऊन राहिली."

एकतीस वर्षं कॉर्पोरेशनच्या पाण्यावर होतो.
खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी किल्ली,
पहाटे चारला नंदनवनचं पाणी सोडायचं,
साडेपाचला बंद करून सक्करदऱ्याचं.
बाया रिकामे गुंड घेऊन अडवायच्या,
"आमच्या गल्लीत धार काहून येत नाही, बाप्पा?"
मी म्हणायचो, प्रेशर नाही, बाई.
आता भिंतीला तळहात लावून उभा असतो
तेव्हा त्या सगळ्या आठवतात, एकेक,
त्यांच्या गुंडांसकट.

डॉक्टर म्हणाले, ग्रंथी वाढली आहे, भिण्यासारखं काही नाही.
दोन गोळ्या, रात्री जेवल्यावर, जन्मभर.
महिन्याचे बाराशे चाळीस.
अडुसष्टाव्या वर्षी जन्मभर हा शब्द
एवढा लांब निघेल असं वाटलं नव्हतं.

पॉलिसी प्रफुलनं काढलेली, पाच लाखांची.
कार्ड मी लॅमिनेट करून पाकिटात ठेवलं,
देवाच्या फोटोमागं.
वर्धा रोडवर ऑफिस, सहावा मजला, थंडगार.
काउंटरवर नातीएवढी मुलगी.
"अंकल, त्रास कशाचा आहे?"
मागं रांगेत दोन बाया आणि एक ओळखीचा वाटणारा इसम.
मी कागद सरकवला, निदानावर बोट ठेवलं.
तिनं ते मोठ्यानं वाचलं.

पान चौदा. मुंगीएवढं अक्षर.
बाह्यरुग्ण औषधोपचार समाविष्ट नाहीत.
"ॲडमिट झालात तर मिळेल, अंकल. ऑपरेशन केलं तर जवळजवळ सगळंच.
नुसत्या गोळ्यांचं नाही मिळत."
म्हणजे कापलं तर आतला,
न कापता निभावलं तर बाहेरचा.
इतक्या आतलं दुखणं,
कुणाला दाखवता न येणारं,
आणि मी बाहेरचा.
पोरगी भली होती. म्हणाली, "पाणी घेता?"
नको म्हणालो.
तिथून घर आठ किलोमीटर आहे.

प्रफुलला फोनवर सांगितलं, झालं मंजूर.
आणि गोळ्या दिवसाआड सुरू केल्या.

परवा मध्यरात्री कूलर कोरडा घरघरू लागला.
बादली घेऊन अंगणातल्या नळाशी आलो
तर समोर हेडाऊ मास्तरांच्या मोरीच्या झरोक्यात उजेड.
तो विझला. पलीकडं पौनीकरांचा लागला.
मग कोपऱ्यावरच्या रिटायर्ड गार्डचा.
चाळीस वर्षं या गल्लीत
नाल्यावरून भांडलो, मतांवरून भांडलो,
एकमेकांच्या पोरींच्या लग्नात पंगती वाढल्या,
आणि हे एक कुणी कुणाला बोललं नाही.

सकाळी पोह्याच्या ठेल्यावर मी सरळ विचारलं,
"मास्तर, तुमची कोणती?"
ते बराच वेळ प्लेटमधले चणे बाजूला करत राहिले.
मग सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं,
अर्धं फोडलेलं.
"स्वस्तातल्या दुकानात एकच मिळते," ते म्हणाले,
"दुसरी नेहमी परवा येणार असते.
आणि ही मी रोज नाही घेत.
सोमवार, बुधवार, शुक्रवार."

मी माझं काढलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार.
ठेल्याच्या पत्र्यावर दोन्ही शेजारी ठेवली.
दोघं मिळून एक माणूस होता
जो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं रोज औषध घेत होता.
रविवार सोडून.

मास्तर हसले. खूप हसले,
आणि मग हसता हसता मधेच थांबून
आजूबाजूला आडोसा शोधू लागले.
मी त्यांची प्लेट धरली.

परत आले तोवर पोहे निवले होते.
ठेलेवाला डाव घेऊन उभा,
"तर्री टाकू का, काका?"
डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलेलं.
मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं.
"टाक," म्हणाले, "दोघांत एक."