एन्नाच्या शाळेची भिंत

सप्टेंबर. शाळा उघडायला चार दिवस.
आग्रिपिना बाईंनी रंगारी बोलावलाय:
"रोसोलिनो, भिंतीवरचा नववा पुसायचा."

रोसोलिनोनं शिडी टेकवली, पण ब्रश बुडवला नाही.
वीस वर्षांमागं हे नऊही त्यानंच काढलेले,
शेवटचा तर खिडकीच्या बिजागरीलगत,
उरलेल्या राखाडीत, बोटाच्या टोकानं.
"काय केलं त्यानं?"
"त्यानं काहीच नाही. प्रागला माणसं जमली,
पिवळी कार्डं वर झाली, ठरलं.
आता त्याला बटुग्रह म्हणायचं."

मग बाई सांगू लागल्या, खडू न घेता.
सूर्याभोवती फिरायला हवं. हा फिरतो.
अडीचशे वर्षांत जेमतेम एक फेरी,
सापडल्यापासून अजून एकही पुरी नाही,
पण फिरतो.
आपल्याच वजनानं गोल व्हायला हवं.
धोंडा पडेल तसा वेडावाकडा राहतो,
पण पुरेसं मोठं असलं काही
की आतून ओढ लागते, चहूकडून सारखी,
आणि कुणाचा हात न लागता गोळा वळला जातो.
हाही गोल आहे. चांगला गोल.
"मग?"
"मग तिसरं पाऊल.
ते ठेवायला जागा उरली नाही."

खिडकीतून लांब खाली पेर्गुसाचं तळं,
तळ्याभोवती मोटारींच्या शर्यतीचा काळा रस्ता.
"शर्यतीच्या दिवशी तिथं मेंढरं असतात?"
"छे. आधीच हाकलतात."
"ग्रह तसा. वाटेत येईल ते गिळतो,
नाही तर भिरकावतो लांब,
नाही तर बांधून घेतो आपल्या दाव्याला.
वाट त्याची एकट्याची.
बटुग्रहाला ते जमत नाही,
तो मेंढरांतूनच चालतो."

"माझा बाप चालायचा," रोसोलिनो म्हणाला,
"साठ वर्षं. कळपाबाहेर त्याला
कुणी पाहिलाच नाही."
आणि डब्याचं झाकण उचकटू लागला.

"थांब. एक वाढवायचीही आहे.
मंगळ आणि गुरू यांच्यामधे. सेरेस."

हे नाव एन्नात कुणाला सांगावं लागत नाही.
गावाच्या टोकाला तिचा कातळ आहे,
आणि खाली जिथवर नजर जाते तिथवर
तिचाच गहू, या दिवसांत नुसते खुंट.
आभाळात ती पालेर्मोला सापडली,
अठराशे एकच्या पहिल्याच रात्री.
पन्नासेक वर्षं ग्रह म्हणवली,
मग शेजारी आणखी सापडत गेले, आणखी,
आणि तिलाही त्या ढिगात लोटलं.
"आता परत वर काढलीय. प्लूटोच्या पंगतीला."

"कधी?"
"त्याच दिवशी. त्याच कार्डांनी."

रोसोलिनो शिडीवरून खाली उतरला.
याच तळ्याकाठी फुलं तोडत होती तिची पोर.
जमीन दुभंगली, काळे घोडे वर आले,
आणि तो घेऊन गेला तिला. हाच. बिजागरीवाला.
"आई आणि तो, एका पंगतीत?"
"प्रागला एन्नाचं कुणी नसेल,"
बाई म्हणाल्या, आणि हजेरीपट उगाच चाळू लागल्या.
रोसोलिनोची धाकटी तोरिनोला असते.
उन्हाळ्यात तीन आठवडे येते.
यंदा आली नव्हती.

त्यानं गेरूत थोडा पिवळा घातला,
पुन्हा थोडा, खुंटांचा रंग येईपर्यंत,
आणि मसुराएवढी सेरेस काढली.
ब्रश धुतला. शिडी मिटली.
"अरे, आणि नववा?"

"राहू द्या. मधे चार मोठे आहेत, पुरेत."
त्यानं खिडकीची झडप सताड उघडली,
झडप भिंतीला जाऊन टेकली,
आणि प्लूटो तिच्यामागं गेला.
"हिवाळ्यात तुम्ही ही लावून घेता ना?
तेव्हा दिसेल."