सावर्डे ते मडगाव, दांड्याने

दोर नको, इनास म्हणाला. दोराला फक्त ओढता येतं.
तू ब्रेक मारलास की तो ढिला पडणार
आणि मागचं येऊन आदळणार, हे त्याने
घरातलं भांडण सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं.
म्हणून दांडा. त्रिकोणी, लोखंडी,
दोन रात्री बसून जोडलेला,
वेल्डिंगच्या शिवणीवर अजून निळी झाक.

माझा टिपर. नऊ वर्षं खाणीचा माल,
मग खाण बंद, मग चिरे, रेती, मिळेल ते.
हौद्यात बोट फिरवलं तर बोट अजून तांबडं होतं.
म्हटलं, वर घालूया, चौघांनी उचलली तर बसेल.
त्याने असं पाहिलं
जसं मी त्याच्या पोरीला गोणीत भरायला सांगितलंय.
"तिका चाकां आसात," म्हणाला. बास.

होती. बारा इंची चार.
सात खोक्यांतून आलेली गाडी,
तारवटी असताना पगारातून तुकड्यातुकड्याने मागवलेली.
एक खोकं वास्कोला पाच महिने अडकलं.
पुस्तिकेची बावीस ते पंचवीस पानं वाळवीने खाल्ली,
म्हणून डावं दार आपल्या मनाने उघडतं.
इंजिन जुन्या आठशेचं. रंग ट्रॉलरला लावून उरलेला.
गाद्या पियेदादने शिवल्या, ताडपत्रीच्या.
अकरा वर्षं.
नंबर नाही म्हणून रस्ता नाही,
आणि नंबर मिळतो मडगावला,
जिथे रस्त्यानेच जावं लागतं.

खिटी घातली. साखळी. मागे लाल दिव्यांची पाटी.
गियर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. खिटी परत पाहिली.
पियेदादने तिसऱ्यांदा पाहिली, चष्मा लावून.

निघालो, तर आरशात काही नाही.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
टिपरच्या पाठीमागे ती अशी झाकली गेली
की कुडचड्याच्या पुलावर वाटलं
मी रिकामाच चाललोय, सवयीने.
फक्त उताराला कमरेपाशी एक हलका धक्का,
रांगेत मागच्याने बोट लावून विचारावं,
सरताय ना पुढे?

वळणावर तेवढी दिसायची. निळा मडगार्ड, की गेली.
असोळड्याच्या वळणावर दिसली
तेव्हा आत माणूस होता.

चांदरचं फाटक पडलेलं. कोळशाची मालगाडी.
उतरलो, मागे गेलो.
इनास आत, डोक्याला टोपी, गुडघे छातीशी.
कायद्यात बसत नाही, म्हटलं.
"हांव खंय चलयतां?"
खरंच, दोन्ही हात मांडीवर होते.
म्हणाला, सगुण, तू वळलास की हे वळतं.
आपलं आपण. सावकाश.
अकरा वर्षं मी हे चाक फिरवत आलो
गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून.
आज ते मला विचारत नाही.

डबे मोजायचे नाहीत असं ठरवूनही
मी अठ्ठावन्नपर्यंत मोजले.
काळी पूड निळ्या बॉनेटवर बसत गेली.
त्याने पुसली नाही.
फाटक उघडलं. मी उतर म्हणालो नाही.

मडगावात साहेबीण गाडीभोवती एक फेरी मारून आली,
चेसिसवर बोट ठेवलं. कंपनी कुठली?
इनास म्हणाला, सावर्डे.
ती हसली नाही. लिहून घेतलं का, ते दिसलं नाही.
एक कागद कमी होता. मंगळवारी या.

दांडा लावला की मागे घेता येत नाही.
घ्यायला गेलं की ट्रक एकीकडे, गाडी दुसरीकडे,
मधे लोखंड मुडपतं.
तेव्हा परतायचं म्हणजे पुढूनच,
बागेला अख्खा वळसा घालून.
मासळीच्या पाट्या खाली ठेवून बायका बघत राहिल्या:
तांबडा टिपर, त्याच्यामागे पायताणाएवढी गाडी,
आत टोपीवाला, हात मांडीवर.

दोन वळसे झाले.
पहिला वाट चुकली म्हणून.
दुसऱ्याबद्दल त्याने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
डिझेल त्याने भरलं.