चिल्लर

रूबेन दिघोडकर रास्ता पेठेतलं घर बंद करून
मुलाकडे कायमचा गेला, तेव्हा
सात नाणी माझ्या तळहातावर ओतून म्हणाला,
चिल्लर आहे. रोमनांची. कुठेच चालणार नाही.

मी रबरी शिक्क्यांचा माणूस.
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात अडतीस वर्षं
उलटं लिहीत आलो :
मुख्याध्यापक. आवक-जावक. रक्कम मिळाली.

म्हणून भिंगाखाली आधी चूकच दिसली.
राजाच्या मानेमागून फिरणाऱ्या ग्रीक अक्षरांत
एक अक्षर ठशात सुलटं कोरलेलं,
नाण्यावर उलटं उमटलेलं.
हसू आलं. एकोणनव्वद साली मीही
एका पतसंस्थेच्या सचिवातला च
असाच कोरून दिला होता.
तीन वर्षं तो शिक्का कागदांवर बसत राहिला,
कुणी पाहिलं नाही.

राजाचं नाकही जमलेलं नाही.
या कारागिरानं राजा पाहिलाच नसणार.
दूरच्या मुलखात नुसती वर्दी आली असेल,
नवा बसला, ठसे करा.
मग मेव्हण्याला समोर बसवलं असेल,
डोक्यावर पानांची माळ आहे असं समजून.

पण काट्याच्या बाजूला हात हललेला नाही.
गावची देवी, खडकावर बसलेली,
मुकुट म्हणजे चक्क गावकूस, बुरुजांसकट.
हातात कणसं. पायाशी एक पोरगा
दोन्ही हात पसरून पोहतोय.
रूबेन म्हणायचा, ती नदी.
म्हणायचा, चांदी लांब जायची, फौजेच्या पगारात.
हे ब्राँझ वेशीच्या आत फिरायचं,
पाव, कांदे, न्हाणीघर.
पलीकडच्या गावात त्याला कुणी विचारत नसे.

काल लकडी पुलावर उगाच थांबलो.
खाली जलपर्णी, एक बगळा, कुणाची तरी चप्पल.
मला कुणी मुठा कोरायला सांगितली
तर हात कुठून सुरू करू तिचे?

रात्री दुकानात
संग्राहकांनी रागवावं असं काम केलं.
नाणं जांभळ्या पॅडवर दाबलं
आणि बिलबुकाच्या पाठीवर उमटवलं.
देवी डावीची उजवीकडे गेली,
पोरगा आता प्रवाहाच्या उलट पोहत होता.
मग नाणं पालथं केलं.
राजा उलटा, राजाचं नाव उलटं,
त्यात ते एकच अक्षर
सरळ.

रूबेनला फोन लावला. तिकडे पहाट असावी.
म्हणाला, काय रे, चाललं का कुठे?