उजव्या पायावरची सम

पहाटे पाच दहाला मी पळायला जातो.
जातो. आमच्याकडं बायकाही जातोच म्हणतात.
पुण्याच्या एका गायिकेनं मैफलीआधी
हसत हसत दुरुस्त केलं, जाते म्हण गं.
मी मान डोलावली, आणि तिच्या विलंबितात
ती खुणावत राहिली तरी
लय केसभरही वाढवली नाही.

काल इचलकरंजीहून यायला दीड वाजला.
डग्ग्याची पिशवी अजून दारातच आहे,
मगदुमांच्या मांजरीनं तिच्यावर बैठक मारलीय.

तरी पळायचंच.
रंकाळ्याच्या कठड्यावर पाय टेकवून
लेस बांधायची, वादी ओढतात तशी,
थोडी ओढायची, थांबून बघायचं.
संध्यामठ अंधारात अर्धा बुडालेला.
तालमीतली पोरं अंगावरच्या मातीसकट मागून येतात,
पुढं जातात. त्यातला एक रोज विचारतो,
काय मॅडम, किती फेऱ्या?
मात्रा विचार, मी म्हणतो, फेऱ्या मला मोजता येत नाहीत.

खरंच येत नाहीत.
मी सोळा मोजतो.
धा धिं धिं धा, शालिनी पॅलेसचं वळण,
धा धिं धिं धा, चहाच्या गाडीवर स्टोव्हची पहिली भडभड,
धा तिं तिं ता, दिवा गेलेला खांब,
आणि परत धा.
अकरा वर्षं अशी गेली,
अकरा वर्षं सम उजव्या पायावर.
समेवर जरा जास्तच वजन पडतं,
त्यात माझी चूक नाही, घराणंच तसं आहे.

मार्चमध्ये गुडघा बोलायला लागला.
शाहूपुरीतल्या डॉक्टर नाझनीन बागवान,
त्यांनी गुडघा बघितलाच नाही, आधी बूट मागितले.
पालथे केले. उजवी टाच
घासून घासून चतुर्थीच्या चंद्राएवढी उरलेली.
लंगडता का?
नाही. समेवर येतो.
त्यांनी कागदावर ते तसंच लिहिलं.

संध्याकाळी श्रेणिक क्लासला आला.
नववीत आहे, बोटं जड, प्रश्न फार.
मॅडम, रूपकात समेवरच खाली का?
म्हणजे पहिलीच पायरी, आणि तिथं पायरीच नाही?
मी पुस्तकातलं उत्तर दिलं.
त्याला पटलं नाही.
त्याच्या वयात मलाही पटलं नव्हतं,
बाई म्हणाल्या होत्या, वाजव, पटेल.
तीस वर्षं वाजवलं.

दुसऱ्या दिवशी सोळा सोडले, सात घेतले.
ती ती ना, धी ना, धी ना.
मात्रा सात, पाय दोन.
सम एकदा उजव्यावर, एकदा डाव्यावर,
पुन्हा उजव्यावर.
पहिल्या फेरीत तीनदा अडखळलो,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या कुत्र्यावर पडता पडता वाचलो.
कुत्र्यानं बघितलं, अन् कूस बदलली.
मग जमलं.
डाव्या पायाला अकरा वर्षांत
पहिल्यांदा कुणी बोलावलं होतं.

आणि ती खाली.
पळताना असा एक क्षण असतो,
दोन्ही पाय जमिनीवर नसतात.
डग्ग्यावरचा हात उचलावा
तसं सगळंच उचललेलं,
तळ्याचं काळं पाणी, त्यात शिरणाऱ्या म्हशी,
आयोजक पोतदारांकडं अडकलेली दीड हजारांची बिदागी,
आईची थायरॉइडची गोळी आणायचीय ते.
सगळं वर.
काहीच वाजत नाही.
मग पाय टेकतो, आणि गोळी आठवते.

हे श्रेणिकला कसं सांगायचं?
रविवारी म्हणालो, ये पळायला.
तो आला, स्लिपर घालून.
माझ्यामागं चट् चट् चट्, कुठल्याच तालात नाही,
अर्ध्या फेरीत पोटात कळ,
उरलेली अर्धी चालत.

गंगावेशीत दूध प्यायला थांबलो.
समोरच म्हैस, समोरच धार,
त्याच्या ओठावर पांढरी मिशी.
विचारलं, कळलं काही?
तो ग्लासातल्या फेसाकडं बघत राहिला.
म्हणाला, मॅडम, खालीचं नाही कळलं.
पण मागून ऐकू येत होतं,
तुमचा डावा पाय अजून लाजतो.